मस्क्युलर डिस्ट्रॉफीग्रस्त मुलांच्या जीवनाची गुणवत्ता : पालकांचा दृष्टिकोन आणि त्याच्या मर्यादा

प्रस्तावना

दीर्घकालीन आजार असलेल्या मुलाचे आयुष्य कसे चालले आहे, हे ठरविण्याचा अधिकार व्यवहारात बहुधा त्याच्या आईवडिलांकडे असतो. डॉक्टर त्यांना विचारतात, शाळा त्यांना विचारते, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढण्यासाठी तेच रांगेत उभे राहतात आणि संशोधकांच्या प्रश्नावल्याही पुष्कळदा त्यांनीच भरलेल्या असतात. हे स्वाभाविक आहे. तथापि पालकांनी दिलेले उत्तर म्हणजे मुलाचेच उत्तर, असे गृहीत धरले की एक अवघड प्रश्न नकळत बाजूला पडतो. मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या बाबतीत तो विशेष तीव्र आहे. मुलाला आजाराचे नाव सांगावे की नाही, दहावीनंतर शिकवावे की नाही, श्वास अपुरा पडू लागल्यावर श्वसनयंत्राचा आधार घ्यावा की नाही, हे निर्णय ‘त्याच्या आयुष्यात आता काय राहिले आहे’ याविषयीच्या पालकांच्या अंदाजावर घेतले जातात. अंदाज चुकला तर त्याची किंमत मुलाला मोजावी लागते.

प्रस्तुत लेखात हा अंदाज कसा घडतो, तो मुलाच्या स्वतःच्या मतापासून कोठे वेगळा पडतो आणि कोठे तोच अधिक विश्वसनीय ठरतो, याचा विचार केला आहे. विवेचन मुख्यतः ‘डुशेन’ या प्रकारापुरते मर्यादित आहे. कारण बालवयातील हा सर्वाधिक आढळणारा प्रकार असून पालकांच्या दृष्टिकोनाविषयीचे बहुतेक संशोधनही त्याच्याशीच संबंधित आहे.

आजाराचे स्वरूप

मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे एका आजाराचे नाव नसून स्नायू क्रमाक्रमाने क्षीण करणाऱ्या अनेक आनुवंशिक आजारांच्या गटाचे नाव होय. त्यांपैकी डुशेन हा प्रकार गिलोम डुशेन या फ्रेंच चिकित्सकाच्या नावाने ओळखला जातो. त्याने १८६० च्या दशकात या आजाराचे सविस्तर वर्णन केले. एडवर्ड मेरियन या इंग्रज डॉक्टराने असे रुग्ण त्यापूर्वीच नोंदविले होते, परंतु नाव डुशेनचे राहिले. एक्स गुणसूत्रावरील एका जनुकात दोष असल्यामुळे स्नायूपेशींना आधार देणारे ‘डिस्ट्रॉफिन’ हे प्रथिन शरीरात तयार होत नाही. हे जनुक व प्रथिन १९८६-८७ या काळात अमेरिकेतील लुई कुंकेल यांच्या संशोधक गटाने शोधून काढले. जन्मणाऱ्या सुमारे ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे एकाला हा आजार असतो. मुलींमध्ये तो क्वचितच पूर्ण स्वरूपात प्रकट होतो.

तिसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या सुमारास मूल वारंवार पडू लागते, चवड्यांवर चालते, जिना चढताना कठड्याला ओढून घेते. जमिनीवरून उठताना ते प्रथम हात टेकते आणि मग स्वतःच्याच गुडघ्या-मांड्यांवर हात सरकवीत उभे राहते. विल्यम गॉवर्स याने १८७९ मध्ये वर्णिलेले हे लक्षण आजही निदानाची पहिली खूण मानले जाते. ज्या घरांत पंगत जमिनीवर बसते, तेथे पाटावरून उठणाऱ्या मुलाची ही लकब डॉक्टरांच्या आधी आईच्या नजरेस पडण्याची शक्यता अधिक. दुर्दैवाने पोटऱ्या आकाराने मोठ्या दिसत असल्यामुळे ‘पाय तर चांगले भरलेले आहेत’ असे म्हणून तिची शंका पुष्कळदा झटकली जाते.

उपचार न मिळाल्यास साधारणतः बाराव्या वर्षापर्यंत मुलाचे चालणे थांबते. त्यानंतर हातांची ताकद जाते, पाठीचा कणा वाकू लागतो आणि पुढे श्वसन व हृदयाचे स्नायू दुर्बल होतात. स्टेरॉइड औषधांमुळे चालण्याचा काळ काही वर्षांनी वाढतो. रात्री मुखवट्याद्वारे श्वासाला आधार देणाऱ्या यंत्रांनी तर आयुर्मर्यादेचे चित्रच पालटले. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील २००२ च्या अभ्यासानुसार १९६० च्या दशकात मृत्यूचे सरासरी वय १४.४ वर्षे होते, तर १९९० नंतर श्वसनयंत्राचा आधार मिळालेल्या रुग्णांत ते २५.३ वर्षे झाले. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा आकडा महत्त्वाचा आहे. पालकांना निदानाच्या दिवशी जे भविष्य सांगितले जाते, त्याच्याही पलीकडे जगणारी एक पिढी या आकड्यामागे उभी आहे.

‘गुणवत्ता’ या शब्दाविषयी

मराठीत या संकल्पनेसाठी रूढ झालेले दोन्ही शब्द थोडे गैरसोयीचेच आहेत. ‘जीवनमान’ म्हटले की उत्पन्न, घर, राहणीमान डोळ्यांसमोर येते; ‘गुणवत्ता’ म्हटले की शालान्त परीक्षेची यादी आठवते. दोन्ही शब्दांत बाहेरच्याने केलेल्या मोजणीचा भाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात या संकल्पनेची जी मांडणी केली, तिचा रोख नेमका उलट होता. व्यक्ती ज्या संस्कृतीत व मूल्यव्यवस्थेत जगते, तिच्या संदर्भात आणि स्वतःच्या उद्दिष्टांच्या व अपेक्षांच्या तुलनेत ती आपल्या जीवनातील स्थानाकडे कशी पाहते, याला त्या मांडणीत केंद्रस्थान दिले आहे. म्हणजे येथे मोजावयाची गोष्ट मुलाच्या हातापायांतील ताकद नसून मुलाची दृष्टी आहे. ही व्याख्या काटेकोरपणे घेतली, तर पालकांनी दिलेले उत्तर हे मुलाच्या जीवनाच्या गुणवत्तेचे मापन ठरतच नाही. ते त्या गुणवत्तेविषयीचे दुसऱ्या व्यक्तीचे मत ठरते.

मोजमापाच्या साधनांतून दिसणारी तफावत

बालकांच्या जीवनाची गुणवत्ता मोजण्यासाठी जेम्स वार्नी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली ‘पेड्सक्यूएल’ ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्या मूळ संचात २३ विधाने आहेत. त्यांपैकी ८ शारीरिक क्षमतेविषयी, तर भावनिक, सामाजिक व शालेय जीवनाविषयी प्रत्येकी ५ आहेत. पाच वर्षांवरील मुलांसाठी स्वतःचा नमुना असतो आणि पालकांसाठी समांतर नमुना असतो. स्नायू व मज्जातंतूंच्या आजारांसाठी २५ विधानांचा स्वतंत्र संचही उपलब्ध आहे.

शारीरिक क्षमतेची विधाने पाहिली तर अडचण लगेच ध्यानात येते. चालणे, धावणे, खेळात भाग घेणे, जड वस्तू उचलणे, स्वतः अंघोळ करणे, घरातील कामात मदत करणे यांत किती अडथळा येतो, हे तेथे विचारले जाते. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाचे गुण येथे तळाला जाणार हे प्रश्न वाचतानाच कळते. त्यासाठी अभ्यासाची गरज नाही. त्यातील चालण्याचे अंतर अमेरिकी शहरातील ‘एक ब्लॉक’ या मापाने विचारलेले असते. सातारा किंवा बीड जिल्ह्यातील पालकाला हे माप समजावून सांगावे लागेल, हा भाग वेगळाच.

खरी तफावत इतर विभागांत आढळते. आयझर व मोर्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींबाबत, म्हणजे शारीरिक हालचालींबाबत, पालक व मूल यांच्या उत्तरांत बऱ्यापैकी मेळ असतो. परंतु भावना व मैत्री यांसारख्या न दिसणाऱ्या गोष्टींबाबत तो कमी होतो. याच क्षेत्रातील २००८ च्या दुसऱ्या आढाव्यात तफावतीची दिशाही नोंदविली आहे. निरोगी मुलांचे पालक मुलांच्या स्वतःच्या मतापेक्षा अधिक चांगले चित्र रंगवितात, तर आजारी मुलांचे पालक अधिक वाईट. डुशेनविषयीच्या ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील अभ्यासांतही पालकांनी दिलेले गुण मुलांनी स्वतःला दिलेल्या गुणांपेक्षा कमी आढळले. तसेच वयाबरोबर शारीरिक गुण घसरत असताना मानसिक व सामाजिक गुण त्याच प्रमाणात घसरत नाहीत, असेही दिसून आले.

मात्र ‘पालक नेहमीच निराशावादी असतात’ असा सोपा निष्कर्ष येथून काढता येत नाही. जर्मनी, इटली, ब्रिटन व अमेरिका या चार देशांतील ७७० रुग्णांच्या कुटुंबांचा अभ्यास लँडफेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यात आरोग्याच्या प्रमाणित मोजपट्टीवर रुग्णांचे गुण फारच कमी आले. परंतु त्याच काळजीवाहकांना ‘तुमचा मुलगा आनंदी आहे का, त्याची प्रकृती कशी आहे’ असे सरळ विचारले असता, आजाराची पायरी कोणतीही असो, बहुसंख्यांनी मुलगा आनंदी असल्याचेच सांगितले. एकाच पालकाची ही दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर मुलाला काय करता येत नाही याची यादी आहे, तर दुसरे उत्तर त्याच्यासोबत काढलेल्या दिवसांतून आलेले आहे. पालकांचा दृष्टिकोन म्हणून आपण जे वाचतो, तो बऱ्याच अंशी प्रश्नकर्त्याने निवडलेल्या प्रश्नाचा दृष्टिकोन असतो.

पालक मुलाकडे पाहतात तेव्हा

पालक आणि मूल एकाच घरात राहत असले तरी त्यांची तुलना वेगवेगळ्या गोष्टींशी चालू असते. आईला अंगणात धावणारा चार वर्षांचा मुलगा आठवत असतो आणि डॉक्टरांनी सांगितलेली विशी-पंचविशी तिच्यासमोर उभी असते. आजचा दिवस ती या दोन टोकांच्या मध्ये ठेवून मोजते. दहा वर्षांच्या मुलाला धावण्याची आठवण पुसट असते आणि विशीची कल्पना नसते. त्याचा आजचा दिवस कालच्या दिवसाशी, वर्गातील मित्रांशी, क्रिकेटच्या सामन्याच्या निकालाशी ताडून पाहिला जातो. आजाराबरोबर व्यक्तीचे अंतर्गत मापदंडच बदलतात, तिला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टींचा क्रम बदलतो, ही कल्पना स्प्रँगर्स व श्वार्ट्झ यांनी १९९९ मध्ये सैद्धांतिक स्वरूपात मांडली. त्याच वर्षी अल्ब्रेक्ट व डेव्हलीगर यांनी गंभीर अपंगत्व असलेल्या अनेक व्यक्ती आपले जीवन चांगले असल्याचे सांगतात, या बाहेरच्यांना न पटणाऱ्या अनुभवाला ‘अपंगत्वाचा विरोधाभास’ असे नाव दिले. विरोधाभास अर्थात पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो; जगणाऱ्याला त्यात विसंगत असे काही जाणवत नाही.

व्हीलचेअर हे याचे उत्तम उदाहरण. अनेक पालकांच्या मनात ती पराभवाची खूण असते, म्हणून ती घरात येण्याचा दिवस शक्य तितका पुढे ढकलला जातो. त्या काळात मूल भिंतीला धरून, पडत, धडपडत चालत राहते आणि घराबाहेर पडणे हळूहळू सोडून देते. मुलासाठी मात्र तीच खुर्ची न पडता मित्रांपर्यंत पोहोचण्याचे साधन ठरू शकते. स्टेरॉइडच्या बाबतीत हेच उलट बाजूने दिसते. चालण्याची आणखी दोन वर्षे मिळावीत म्हणून पालक औषधाचा आग्रह धरतात, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते योग्यही आहे. परंतु गोल झालेला चेहरा, वाढलेले वजन, खुंटलेली उंची व लांबलेले वयात येणे यांसह शाळेत जाणारा तो मुलगा असतो. औषधाचा हिशेब दोघांच्या वहीत एकच येईल असे नाही.

पालकांच्या उत्तरात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते, ती म्हणजे त्यांचे स्वतःचे जीवन. मोठ्या होत जाणाऱ्या मुलाला उचलून पाठ धरलेली आई, रात्री कूस बदलून देण्यासाठी तीन-चार वेळा उठणारे वडील, नोकरी सोडावी लागलेली मावशी किंवा आजी यांच्या थकव्यासाठी प्रश्नावलीत स्वतंत्र रकाना नसेल, तर तो थकवा मुलाच्या रकान्यात उतरतो. वर उल्लेखिलेल्या चार देशांच्या अभ्यासात जवळजवळ निम्म्या काळजीवाहकांनी आपण चिंताग्रस्त वा खिन्न असल्याचे नोंदविले होते. आपल्याकडे आईच्या वाट्याला आणखी एक ओझे येते. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांच्या माता या दोषाच्या वाहक असतात. उरलेल्या एक तृतीयांशांत दोष नव्यानेच उद्भवलेला असतो. एक्स गुणसूत्राचे हे शास्त्र घरापर्यंत पोहोचते तेव्हा त्याचे रूपांतर ‘हे तुझ्या माहेरचे’ या वाक्यात व्हायला वेळ लागत नाही. स्वतःला दोषी मानणारी आई मुलाच्या दुःखाचे मोजमाप तटस्थपणे करील, ही अपेक्षा अमानुष आहे.

मौनाचा प्रश्न यातूनच निर्माण होतो. मुलाला धक्का बसू नये म्हणून पालक आजाराचे नाव व त्याची वाटचाल त्याच्यापासून लपवितात. मुलगा पुष्कळदा ते इतर मार्गांनी जाणून घेतो, आणि आईला वाईट वाटू नये म्हणून आपल्याला माहीत असल्याचे लपवितो. दोघेही एकमेकांना सांभाळत असतात. अशा घरात मुलाच्या मनाविषयी पालकांनी प्रामाणिकपणे दिलेले उत्तर हे प्रत्यक्षात मुलाने त्यांच्यासाठी राखलेल्या चेहऱ्याचे वर्णन असू शकते.

ऑस्लो येथील एक उदाहरण

मॅट्स स्टीन या नॉर्वेजियन तरुणाची हकीकत या संदर्भात उल्लेखनीय आहे. त्याचा जन्म १९८९ चा. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीने नोव्हेंबर २०१४ मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी त्याचे निधन झाले. ऑस्लोमध्ये पालकांच्या घराला लागून असलेल्या तळघरातील जागेत तो काळजीवाहकांच्या मदतीने राहत असे व दिवसाचा बराच वेळ ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या संगणकीय खेळात घालवीत असे. आईवडिलांच्या दृष्टीने ही एका एकाकी आयुष्याची खूण होती. मैत्री, प्रेम, इतरांच्या उपयोगी पडणे यांपैकी काहीच आपल्या मुलाच्या वाट्याला आले नाही, अशी त्यांची समजूत होती.

त्याच्या मृत्यूनंतर त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची सूचना दिली आणि युरोपातील निरनिराळ्या देशांतून पत्रे येऊ लागली. त्या खेळात ‘इबेलिन’ या नावाने वावरणारा मॅट्स ‘स्टारलाइट’ नावाच्या मित्रमंडळात अनेक वर्षे सक्रिय होता. एका डॅनिश आईला स्वमग्न मुलाशी संवाद साधण्याचा मार्ग त्याने सुचविला होता. नेदरलँड्समधील एका मैत्रिणीचा संगणक तिच्या पालकांनी काढून घेतला तेव्हा त्याने त्या पालकांना पत्र लिहिले होते. मंडळातील काही जण अंत्यविधीला ऑस्लोपर्यंत आले. आपले शारीरिक वास्तव मात्र त्याने या मित्रांपासूनही दीर्घकाळ लपविले होते. नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०१९ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली आणि २०२४ मध्ये बेंजामिन री यांच्या माहितीपटामुळे ती जगभर पोहोचली.

एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, आणि चित्रपट निवड करूनच गोष्ट सांगतो, हे लक्षात घेतले पाहिजे. मॅट्सला एकाकीपण नव्हतेच, असाही याचा अर्थ नाही. परंतु हे पालक दुर्लक्ष करणारे नव्हते. ते शिकलेले, सुस्थितीतील, उत्तम सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा लाभ असलेले आणि मुलाच्या शेजारीच राहणारे होते. तरीही मुलाच्या आयुष्याचा मोठा भाग त्यांना दिसला नाही. ‘सामाजिक जीवन’ या शीर्षकाखाली त्यांना जे शोधावयाचे होते, ते त्यांच्या स्वतःच्या तारुण्यातील सामाजिक जीवनासारखे होते. पालकांची प्रश्नावली त्यांच्यासमोर ठेवली असती, तर त्यांनी काय लिहिले असते याची कल्पना करणे कठीण नाही.

पालकांचे मत अधिक विश्वसनीय ठरते तेव्हा

याचा अर्थ पालकांना विचारू नये असा नाही. लहान मुलांना प्रश्नावली भरता येत नाही. शिवाय डिस्ट्रॉफिनचे कार्य मेंदूतही असते. त्यामुळे सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये बौद्धिक वा अध्ययनविषयक अडचणी आढळतात. त्या स्नायूंच्या दुर्बलतेप्रमाणे वाढत जात नाहीत, परंतु ऐकलेली माहिती ध्यानात ठेवणे व मन व्यक्त करणे त्यांमुळे अवघड होते. वर्गात अशा मुलाला आळशी ठरविले जाते आणि ‘त्याला समजते, पण सांगता येत नाही’ हे शिक्षकांना पटवून देण्याचे काम आईला करावे लागते. येथे पालकांचेच निरीक्षण अधिक खरे असते.

श्वसनाच्या बाबतीतही तसेच आहे. सकाळची डोकेदुखी, दिवसा येणारी पेंग, तुटक झोप ही रात्री श्वास अपुरा पडत असल्याची लक्षणे होत. रुग्णालयाची भीती वाटणारा मुलगा ‘मला काही होत नाही’ असे सांगतो. त्याच्या उशाशी झोपणारी आजी ते सांगत नाही. म्हणूनच दोन उत्तरांपैकी एक खरे व दुसरे खोटे ठरविण्याचा प्रयत्न निष्फळ होय. दोन्ही उत्तरे स्वतंत्रपणे घ्यावीत आणि त्यांतील अंतर हीच माहिती मानावी, अशी भूमिका आता अनेक अभ्यासक घेतात.

चुकीचा अंदाज केवळ पालकच करतात असेही नाही. श्वसनयंत्रावर दीर्घकाळ जगणाऱ्या डुशेनग्रस्तांच्या समाधानाचा अभ्यास जॉन बाख व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये अमेरिकेत केला. बहुसंख्य रुग्ण जीवनाविषयी समाधानी होते. त्यांच्या समाधानाचा अंदाज आरोग्य क्षेत्रातील व्यावसायिकांना विचारला, तेव्हा तो प्रत्यक्षापेक्षा बराच कमी निघाला. श्वसनयंत्राचा पर्याय पालकांसमोर मांडणारे हेच व्यावसायिक असतात. त्यांच्या स्वरातील निराशा पालकांच्या मतात मिसळते, आणि नंतर ती पालकांचे मत म्हणून नोंदली जाते.

शिक्षणाची क्षितिजे

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या चर्चेचा सर्वांत जवळचा भाग शिक्षणाचा आहे. २००५ मध्ये डेन्मार्कमध्ये १८ ते ४२ वयोगटातील ६५ डुशेनग्रस्त प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हे पुरुष श्वसनयंत्राच्या आधारे, घरी मदतनीस घेऊन राहत होते. आपले जीवन उत्तम असल्याचे त्यांनी सांगितले. आजाराची वा भविष्याची चिंता त्यांना फारशी सतावत नव्हती. उणीव दोन ठिकाणी होती : उपयोगी पडेल असे शिक्षण आणि प्रेमाचे नाते. या उणिवांचे मूळ त्यांच्या बालपणात आहे. मुलगा प्रौढ होणार नाही, असे घरादाराने धरून चालल्यावर त्याला पदवीपर्यंत नेण्याचा विचार कोण करणार? ‘आहे तोवर त्याला आनंदात ठेवू, अभ्यासाचा ताण नको’ हे वाक्य प्रेमातून येते. परंतु तिशीत पोहोचलेल्या माणसाला पुढे त्याच वाक्याचे परिणाम भोगावे लागतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने उभा राहतो. चालणे थांबते ते वय नेमके माध्यमिक शाळेत प्रवेश करण्याचे असते. वर्ग पहिल्या मजल्यावर असतो, स्वच्छतागृह उकिडवे बसण्याचे असते, शाळेच्या गाडीला पायऱ्या असतात. दिवसभर शौचास जावे लागू नये म्हणून पाणी न पिणारा विद्यार्थी ही कल्पनेतील गोष्ट नव्हे. अशा वेळी पालक मुलाला घरी बसवितात आणि ‘त्याला शाळेचा त्रास होतो’ असे कारण देतात. कारण खरेच असते. मात्र ज्याला मुलाच्या शरीराचा त्रास म्हटले जाते, तो पुष्कळसा इमारतीचा असतो. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा अधिकार दिला. ही तरतूद आवश्यक होती, पण जेथे रॅम्प नाही तेथे ती हक्काऐवजी पळवाट ठरण्याचा धोका आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मान्य दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा नामोल्लेख केला. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव ठेवणे या कायद्याने बंधनकारक आहे. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ देण्याच्या सूचनाही केंद्र शासनाने केल्या आहेत. दुसरीकडे, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कक्षेत हा आजार येत नाही. दुर्मिळ आजारांविषयीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात डुशेनचा समावेश आहे, मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्या धोरणांतर्गत उत्कृष्टता केंद्र आहे आणि २०२२ पासून प्रतिरुग्ण ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची मर्यादा ठरलेली आहे. परंतु २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या जनुकोपचाराची तेथील किंमत ३२ लाख डॉलर होती. २०२५ मध्ये चालू न शकणाऱ्या दोन मुलांचा त्यानंतर यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्यावर त्याच्या वापरावर निर्बंधही आले. तरीही अशा बातम्यांमुळे पालकांचे लक्ष पुढे कधीतरी येणाऱ्या उपचाराकडे लागते, आणि यंदाची अकरावी दुय्यम ठरते. त्यांना दोष देता येत नाही.

संशोधन करू इच्छिणाऱ्या अध्यापकांसाठी एक व्यावहारिक अडचण येथे नोंदविणे आवश्यक आहे. मुलाचे मत स्वतंत्रपणे घ्यावे हे तत्त्व मान्य झाले, तरी पंधरा वर्षांच्या डुशेनग्रस्त मुलाला लेखणी धरता येईलच असे नाही. त्याच्या वतीने खुणा करणारी व्यक्ती बहुतेक वेळा आईच असते. दोन खोल्यांच्या घरात आजी कॉटवर बसलेली असते, वडील दारात उभे असतात, आणि ‘तुला कधी एकटे वाटते का’ हा प्रश्न सर्वांसमक्ष मोठ्याने वाचला जातो. मुलगा ‘कधीच नाही’ असे म्हणतो. हे उत्तर मुलाच्या नमुन्यात नोंदले जात असले तरी ते त्या खोलीचे उत्तर असते. मानसशास्त्र वा समाजकार्य विभागाचा एखादा विद्यार्थी लेखनिक म्हणून गेला, आईला तेवढ्या वेळात तिची स्वतःची प्रश्नावली दुसऱ्या खोलीत वा शेजारच्या घरी भरता आली, आणि उत्तर देताना मुलाजवळ कोण होते याची नोंद प्रत्येक प्रपत्रावर झाली, तर दोन्ही उत्तरांत पडणारे अंतर कशाचे आहे हे सांगता येईल.